विश्लेषण : मातीचा मावळा फोटोत खरा कसा वाटतो?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांत पार्किंगच्या कडेला, बागेच्या कोपऱ्यात पोत्यांनी माती येऊन पडते. विटांचे तुकडे रचून त्यावर गोणपाट टाकले जाते, चिखलाचा लेप बसतो, हळीव पेरले जाते आणि चार-पाच दिवसांत किल्ला उभा राहतो. मग त्यावर मावळे चढतात. अलीकडे मातीच्या मावळ्यांच्या जोडीला प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तटबंदी आणि चार सेंटिमीटरची ठोकळ्यांची माणसेही दिसू लागली आहेत. किल्ला टिकतो फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत. पाणी मारणारा कंटाळतो, मांजर माचीवर झोपते, सोसायटीला पार्किंगची जागा परत हवी असते. उरतो तो फोटो. आता बऱ्याच ठिकाणी स्पर्धेचे परीक्षणही समूहावर पाठवलेल्या फोटोंवरूनच होते, त्यामुळे आठवडाभर चिखलात राबलेल्या मुलांचे गुण एका फोटोवर ठरतात. तो फोटो बहुतेक वेळा उभ्या उभ्या, वरून, फ्लॅश मारून काढलेला असतो. त्यात किल्ला दिसत नाही, मातीचा ढीग दिसतो. खेळण्यांचे आणि ठोकळ्यांच्या देखाव्यांचे छायाचित्रण हे जगभर गांभीर्याने घेतले जाणारे काम आहे, आणि त्यातल्या बहुतेक युक्त्यांना पैसे लागत नाहीत.

किल्ला फोटोत ढिगारा का दिसतो?

कारण कॅमेरा चुकीच्या उंचीवर असतो. पाच फुटांवरून खाली पाहिले की मावळ्याच्या डोक्याचा फेटा आणि पायाखालची माती एवढेच दिसते. मावळ्याच्या जगात पाच फूट म्हणजे विमानातून पाहण्यासारखे आहे. हिशेब सोपा आहे. ठोकळ्यांच्या संचातला माणूस, ज्याला मिनीफिगर म्हणतात, सुमारे चार सेंटिमीटरचा असतो. १७० सेंटिमीटरच्या माणसाशी तुलना केली तर हे प्रमाण साधारण १:४२ होते. म्हणजे मुलाने दीड मीटरवरून फोटो काढला तर तो खऱ्या जगातल्या ६३ मीटर उंचीवरून, वीस-एकवीस मजल्यांच्या गच्चीवरून काढल्यासारखा दिसतो. त्या उंचीवरून कोणाचा चेहरा दिसणार?

म्हणून पहिला नियम असा, की लेन्स मावळ्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून खाली न्यायची. मोबाईलची लेन्स वरच्या टोकाला असते. मोबाईल उलटा करून जमिनीला टेकवला की लेन्स जमिनीपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर येते. हाताला आधार मिळतो, हलण्याचा प्रश्नही सुटतो. पोटावर झोपावे लागते, कपडे मळतात, त्याला इलाज नाही. किल्ल्यावरच्या सिंहासनाधिष्ठित महाराजांच्या मूर्तीसाठी तर खालून वर पाहणारा कोनच शोभतो. पुतळे उंच चौथऱ्यावर बसवण्यामागे जे कारण आहे तेच इथेही आहे.

पण खाली गेल्यावर दुसरी अडचण समोर येते. मावळ्याच्या मागे थेट समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या, वाळत घातलेले टॉवेल आणि एसीचे डबे दिसू लागतात. यावर तीन उपाय आहेत. किल्ला बांधतानाच त्याची मागची बाजू उंच ठेवावी, म्हणजे डोंगरच पडदा होतो. किंवा किल्ल्यामागे दोन-तीन फुटांवर निळसर-करडा कार्डशीट उभा करावा. तो इतका जवळ नको की किल्ल्याची सावली त्यावर पडेल. किंवा मावळे आणि तटबंदीचा एखादा तुकडा घेऊन गच्चीवर जावे. तिथे पाठीमागे नुसते आकाश असते.

मापाचा घोळ आणि त्याचा फायदा

बाजारातला पाच इंची मावळा घेतला तर त्याचे प्रमाण साधारण १:१४ होते. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्या मावळ्याला शोभेल असा रायगड बांधायचा तर तो साठ मीटरचा, म्हणजे शेजारच्या वीस मजली इमारतीएवढा बांधावा लागेल. थोडक्यात, दिवाळीच्या किल्ल्यात माणूस आणि डोंगर यांचे माप कधीच जुळत नाही. मुले हे जाणतात आणि सोडून देतात. कॅमेऱ्याला मात्र हे जुळवून दाखवता येते.

एका डोळ्याने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, फक्त आकार कळतो. मोठा मावळा लेन्सजवळ, त्याहून लहान मधल्या बुरुजावर आणि सर्वांत लहान, दोन सेंटिमीटरचा, माथ्यावर ठेवला की चार फुटांचा किल्ला खोल आणि उंच वाटू लागतो. अट एकच, कॅमेरा एकाच ठिकाणी राहिला पाहिजे. बाजूला सरकले की खेळ उघडा पडतो.

ही युक्ती पराकोटीला नेली ती मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकी कलावंताने. ‘एल्गिन पार्क’ नावाचे एक काल्पनिक गाव त्याने उभे केले. १:२४ मापाच्या जुन्या मोटारी आणि हाताने बनवलेली घरे एका टेबलावर मांडायची, ते टेबल खऱ्या रस्त्याच्या कडेला न्यायचे आणि मागची खरी झाडे, खरी घरे चौकटीत अशी घ्यायची की टेबलाची कड आणि रस्ता एक होऊन जावा. पाहणाऱ्याला ते चाळीस-पन्नासच्या दशकातले जुने फोटो वाटत. त्याचा कॅमेराही साधाच, खिशात मावणारा होता.

हा प्रयोग पिंपळे सौदागरच्या मुलांना लोहगडावर करता येईल. पिंपरी किंवा चिंचवडहून लोकलने मळवली गाठली की गड समोर असतो. चार सेंटिमीटरचा मावळा लेन्सपासून २० सेंटिमीटरवर एखाद्या दगडावर ठेवला तर तो साडेआठ मीटरवर उभ्या असलेल्या खऱ्या माणसाएवढा दिसतो, आणि त्याच्या मागे खराखुरा विंचूकाटा पसरलेला असतो. गड संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड न्यायचा तर परवानगीचा प्रश्न येतो, पण मोबाईल दगडाला टेकवूनही काम भागते. आणलेले मावळे मोजून परत आणावेत, एवढे पथ्य पुरे. लोहगड हा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या निर्णयानंतरच्या दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यांकडे मोठ्यांचेही जरा जास्त लक्ष गेले, हे चांगलेच झाले.

धूसरपणा : मित्र की शत्रू?

खेळण्यांच्या छायाचित्रणात सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो. वस्तू लेन्सच्या जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून ३० सेंटिमीटरवरच्या मावळ्यावर एफ/२.८ ला फोटो काढला तर जेमतेम पाच मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाक स्पष्ट असेल तर कान धूसर. आपल्या मेंदूने एक धडा गिरवलेला असतो, की मागचे-पुढचे सगळे विरघळले असेल तर वस्तू लहान आणि डोळ्यांजवळ आहे. म्हणूनच उंचावरून काढलेल्या खऱ्या शहराच्या फोटोत वर-खाली धूसर पट्टे घातले की ते शहर खेळण्यातले वाटू लागते.

तेव्हा मावळा मोठा भासवायचा असेल तर छिद्र लहान करायला हवे. एफ/११ वर तोच स्पष्ट पट्टा सुमारे दोन सेंटिमीटरचा होतो. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. चार पायऱ्या खाली आल्याने सोळापट वेळ लागतो, एक षष्ठांश नव्हे तर एका सेकंदाच्या साठाव्या भागात होणाऱ्या फोटोला पाव सेकंद लागतो. हातात धरून हे जमत नाही. कॅमेरा टेकवायचा आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावायचा. एफ/१६ च्या पुढे जाण्यातही अर्थ नाही, कारण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो आणि सगळेच मऊ पडते. त्याहून खोल स्पष्टता हवी असेल तर पुढून मागे फोकस सरकवत सात-आठ फोटो काढून ते संगणकावर एकत्र करतात.

मोबाईलवाल्यांचे इथे नशीब चांगले आहे. सेन्सर लहान असल्याने स्पष्ट पट्टा आपोआप रुंद मिळतो. पण अनेक जण हौसेने ‘पोर्ट्रेट’ मोड लावतात आणि मिळालेले घालवतात. तो धूसरपणा गणिताने घातलेला असतो आणि भाल्याचे टोक, तलवारीचे पाते, ठोकळ्यांवरचे गोल उंचवटे त्या गणिताला कळत नाहीत. अर्धा भाला गायब झालेले मावळे दर दिवाळीत दिसतात. फार जवळ गेल्यावर अनेक मोबाईल आपणहून रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. मग मोबाईलचीच सावली किल्ल्यावर पडते आणि पुढच्या मावळ्याचे नाक फुगते. थोडे मागे सरकून दुप्पट झूम लावणे केव्हाही बरे.

अर्थात, धूसरपणा जाणूनबुजून वापरणारेही आहेत. डेव्हिड लेव्हिन्थल या अमेरिकी छायाचित्रकाराने गॅरी ट्रूडो यांच्यासह १९७७ मध्ये ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ हे पुस्तक काढले. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियावरील स्वारीची त्यातली दृश्ये खेळण्यातले सैनिक मांडून, बर्फासाठी पीठ वापरून काढली होती. बरेचसे फोटो इतके अस्पष्ट आणि दाणेदार, की पाहणारा क्षणभर युद्धवार्ताहराचे फोटो समजतो. स्पष्ट दिसले असते तर प्लास्टिक दिसले असते.

उजेड कोणता घ्यावा?

फ्लॅश बंद, हे सांगून हा मुद्दा अर्धा संपतो. मोबाईलचा फ्लॅश समोरून आदळतो, सावल्या पुसतो आणि प्लास्टिकच्या चेहऱ्यावर पांढरा ठिपका सोडतो. ठोकळ्यांचे प्लास्टिक गुळगुळीत असते. त्यात खिडकी, ट्यूबलाइट, कधी फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा दिसतो. मातीच्या मावळ्याला हा त्रास कमी, पण चकचकीत ऑइलपेंट मारलेला असेल तर तोही आरशासारखा वागतो.

लहान वस्तूंचा एक मोठा फायदा असतो. त्यांच्यासाठी घरातली साधी खिडकी हा अजस्र स्टुडिओ दिवा ठरतो. एक मीटरची खिडकी चार सेंटिमीटरच्या माणसाच्या पंचवीसपट असते. खऱ्या माणसाला त्याच प्रमाणात मऊ उजेड द्यायचा तर चौदा मजली पडदा लावावा लागेल. खिडकीला बटर पेपर चिकटवला, मावळा खिडकीच्या बाजूला तोंड करून नव्हे तर तिरका उभा केला आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरला, की चेहऱ्याला गोलाई येते. मागून छोटी टॉर्च लावली तर फेट्याची आणि खांद्याची कड उजळते, मावळा पार्श्वभूमीपासून सुटतो.

बाहेरच्या किल्ल्यासाठी वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरच्या अखेरीस पुणे-पिंपरी भागात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. पण उंच इमारतींच्या मधल्या बागेत पहिले आणि शेवटचे तिरपे ऊन पोहोचतच नाही. त्यामुळे किल्ल्याची जागा ठरवतानाच कोणत्या फटीतून ऊन येते हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. रायगडाचे तोंड कुठे करायचे यावर मुले तासभर भांडतात, त्यात हा एक मुद्दा आणखी.

सर्वांत देखणा फोटो मिळतो तो सूर्यास्तानंतरच्या दहा-वीस मिनिटांत. आकाश निळे असते आणि पणतीचा उजेड त्याच्या तोडीस तोड असतो. त्याआधी पणती दिसत नाही, त्यानंतर पणतीशिवाय काही दिसत नाही. इथे एलईडीच्या माळा घात करतात. त्यांचे लुकलुकणे डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की हे पट्टे बहुधा जातात.

पाणी, ज्योत आणि गुरुत्वाकर्षण

माणूस लहान करता येतो, निसर्ग लहान करता येत नाही. पाऊस दाखवायला स्प्रेने पाणी मारले तर दोन मिलिमीटरचा थेंब १:४२ च्या जगात क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा होतो. म्हणून अगदी बारीक तुषाराची बाटली हवी. पणतीची अडीच सेंटिमीटरची ज्योत मिनीफिगरच्या छातीपर्यंत पोहोचते. मशाल म्हणून ती चालत नाही, होळी म्हणून चालते. उगवलेले हळीव चौथ्या-पाचव्या दिवशी मावळ्यापेक्षा उंच होते. गवत हवे असेल तर फोटो कोंब फुटल्या फुटल्या काढावा, जंगल हवे असेल तर थांबावे. रस्त्यावरच्या धुळीसाठी चाळलेली माती किंवा रांगोळी उत्तम, वाळू नको. वाळूचा एकेक कण दगडासारखा दिसतो. धुक्यासाठी उदबत्तीचा धूर पुरतो, पण पंखा बंद हवा.

पडण्याचा वेगही लहान होत नाही. दहा सेंटिमीटरचा कडा कोसळायला एका सेकंदाचा सातवा भागही लागत नाही, आणि तेवढ्यावरूनच पाहणाऱ्याला खेळणे ओळखू येते. १:४२ मापात हालचाल सुमारे साडेसहापट मंद करावी लागते. सिनेमाच्या नेहमीच्या २४ फ्रेमऐवजी १५६ फ्रेम. मोबाईलमध्ये १२० किंवा २४० फ्रेमचा ‘स्लो मोशन’ असतो, तो इथे कामी येतो. चाकणमध्ये खऱ्या मोटारी तयार होतात. त्या पट्ट्यातल्या घरांत खेळण्यातल्या मोटारी ठोकून त्याचा व्हिडिओ काढणाऱ्या मुलांना हा आकडा उपयोगी पडेल.

बाकी शिस्त घरगुती आहे. रंगाचा मऊ ब्रश जवळ ठेवून प्रत्येक फोटोआधी धूळ झाडायची. डोळ्यांना न दिसणारा बोटाचा ठसा फोटोत हातभर दिसतो. उभा न राहणाऱ्या मावळ्याच्या पायाखाली मेणाचा किंवा मळलेल्या कणकेचा छोटा गोळा. मिनीफिगरचा चेहरा बदलत नाही, सांधेही मोजकेच असतात, मान, दोन हात, दोन मनगटे, दोन पाय. भाव आणायचा तो झुकण्यातून. धावणारा माणूस सरळ उभा असेल तर तो धावत नसतो. मातीच्या मावळ्याला तर सांधेच नाहीत. त्याला वळवायचे म्हणजे उजेडापुढे त्याचा चेहरा किती अंशांत फिरवायचा, एवढेच हातात राहते.

मराठी मातीत याची मुळे आहेत का?

आहेत, आणि ती फार जुनी आहेत. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या रोपाच्या वाढीचा ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कॅमेरा एका जागी ठेवून ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत गेले, की पडद्यावर रोप भराभर वाढते. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. ठोकळ्यांच्या माणसांचे जे व्हिडिओ मुले आज बनवतात त्यांचे तंत्र तेच आहे. मावळा अर्धा सेंटिमीटर सरकवा, फोटो घ्या, पुन्हा सरकवा. सेकंदाला १२ फोटो धरले तरी दहा सेकंदांच्या चढाईला १२० फोटो लागतात. चिकाटी संपते ती साधारण चाळिसाव्या फोटोला.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. छोट्या देखाव्यात नजर कुठे खिळते, दिवे कुठे ठेवलेत, हे पाहायला त्याहून चांगली शाळा या भागात नाही. आणि गोव्यातल्या फनस्कूलच्या कारखान्यात बनलेले जी. आय. जो सैनिक ज्यांनी नव्वदच्या दशकात गोळा केले, ती पिढी आता पालक झाली आहे. माळ्यावरचा तो डबा खाली काढायला हरकत नाही.

परदेशी ठोकळ्यांचे संच महाग आहेत, हे खरे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. पण या छंदाला संच किती मोठा आहे याने फरक पडत नाही. एक माणूस, आठ-दहा ठोकळे आणि खिडकी यावर चांगला फोटो होतो. फिनलंडच्या वेसा लेहतिमॅकी यांनी मुलाच्या ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांपासूनच सुरुवात केली होती, आणि ब्रिटनच्या माइक स्टिम्पसन यांनी जगप्रसिद्ध छायाचित्रे मिनीफिगर मांडून पुन्हा उभी केली.

मग स्पर्धेत खरा किल्ला ओळखायचा कसा?

खरा पेच इथे आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःचा फोटो देऊन खेळण्यातली ‘फिगरिन’ बनवून घेण्याची लाट समाजमाध्यमांवर आली. काही सेकंदांत टेबलावरची चकचकीत मूर्ती, मागे डबा, सगळे तयार. त्याच साधनाला ‘मातीचा प्रतापगड, वर मावळे, संध्याकाळचा उजेड’ असे सांगितले तरी ते चित्र देते, आणि ते दहा वर्षांच्या मुलाने चिखलात बसून काढलेल्या फोटोपेक्षा देखणे असते. परीक्षक फक्त देखणेपणाला गुण देणार असतील तर चिखलात हात घालणारा मूर्ख ठरतो.

ठोकळ्यांच्या चित्रात लबाडी पकडणे तुलनेने सोपे असते. ठोकळ्यांवरच्या गोल उंचवट्यांमधले अंतर नेहमी आठ मिलिमीटर असते. १९५८ मध्ये या ठोकळ्याचे पेटंट नोंदले गेले तेव्हापासून हे माप बदललेले नाही. कृत्रिम चित्रात शेजारच्या दोन ओळींतले उंचवटे मोजले तर अनेकदा जुळत नाहीत, सांधे मध्येच विरतात. मातीला असे माप नसते. ढेकूळ कसेही असू शकते.

त्यामुळे नियम बदलणे हाच मार्ग आहे, आणि तो सोसायटीच्या समितीच्या हातात आहे. एका फोटोऐवजी चार मागावेत. पहिला, नुसत्या विटा आणि गोणपाट असतानाचा. दुसरा, पूर्ण किल्ल्याचा, साध्या उजेडात, शेजारी मुलाचा हात किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवून. तिसरा, किल्ल्याच्या मागच्या बाजूचा, कारण ती बाजू कोणी सजवत नाही आणि कोणते यंत्र कल्पत नाही. चौथा फोटो मात्र पूर्ण मोकळा ठेवावा. त्यात धूर, पणती, लहान-मोठे मावळे, दोन फोटो जोडून पुसलेली टेकूची तार, सगळे चालेल. बांधणीचे गुण पहिल्या तिघांना आणि छायाचित्रणाचे गुण चौथ्याला वेगळे द्यावेत. टेकू पुसणे ही फसवणूक नव्हे, तो या कलेचा भागच आहे. किल्लाच नसताना फोटो पाठवणे ही फसवणूक आहे. आणि अंतर कमी असेल तर परीक्षकांनी फोटोवर न थांबता लिफ्टने खाली यावे, किल्ल्यासमोर उकिडवे बसावे आणि कोणता मावळा कुठे का ठेवला, हे मुलांना विचारावे.